धमकावणारे तेच आणि चौकशी करणारेही तेच, मग दाद मागायची कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात मानवी हक्क दिनाच्या कार्यक्रमांच्या बातम्या होत्या, शाळांमधे प्रतिज्ञा, कलेक्टर ऑफिसमधे व्याख्यान, एका ठिकाणी पोलिसांनी घेतलेली निबंध स्पर्धा. चांगलं आहे, हे व्हायलाच पाहिजे. पण सगळं पान वाचून काढलं तरी जी माणसं हे हक्क लोकांना मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं राबतायत त्यांच्याबद्दल एक ओळ सापडली नाही. कोठडीत कोणी मेलं की त्याच्या घरी जाऊन पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट मागायला सांगणारी, आदिवासींचे वनहक्काचे दावे भरून देणारी, चकमक खरी होती का खोटी ते गावात जाऊन विचारणारी माणसं. त्यांना आपल्याच सुरक्षा यंत्रणांकडून जो त्रास होतो त्यावर तर कोणी बोलतच नाही, अटक झाली तरच बातमी येते. मी बरीच वर्षं वकिली करतोय, अशा लोकांच्या केसेस जवळून बघितल्यात म्हणून लिहितोय. पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा, फक्त आयोगाबद्दल जे लिहिलंय ते ठेवा ही विनंती.

१० डिसेंबर सगळ्यांना माहिती आहे. पण आदल्याच दिवशी, म्हणजे ९ डिसेंबर १९९८ ला, युनोच्या आमसभेने आणखी एक जाहीरनामा मंजूर केला होता, हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या संरक्षणाचा. त्यात म्हटलंय की मानवी हक्कांसाठी एकट्याने किंवा संघटना करून काम करणं हा सुद्धा एक हक्कच आहे आणि ते काम केलं म्हणून कोणाला धमक्या आल्या, सूड घेतला गेला, दबाव आला तर त्याला वाचवायची जबाबदारी सरकारची. कुठल्याही देशाने त्यावर मतदान मागितलं नाही, एकमताने झालं, भारत त्यात होता. त्यानंतर पंचवीसपेक्षा जास्त वर्षं गेली पण हे संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे अजून नाही.

धमकी म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी पिस्तूल दाखवलं असेल. तसं फार क्वचित होतं. होतं काय, की साध्या कपड्यातले दोघं घरमालकाकडे येतात, भाडेकरू काय करतो, रात्री कोण येतं जातं, भाडं कोण भरतं एवढं विचारून जातात आणि महिन्याभरात घरमालक खोली रिकामी करा म्हणतो. गोपनीयवाल्याचा, म्हणजे पोलिसांच्या गुप्त शाखेतल्या माणसाचा फोन येतो, ताई सहजच केला, उद्या मोर्चाला जाताय का. मोर्चाच्या आदल्या रात्री दारात नोटीस, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ ची असायची आता नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ती १६८ ची झाली, उद्या काही अनुचित घडलं तर तुम्हाला जबाबदार धरू. मग चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखीन असं बंधपत्र लिहून घेणं. मग एखाद्याच्या नावाने तडीपारीचा प्रस्ताव. यातलं एकेक वेगळं काढून बघितलं तर कायद्यात बसतं, कोर्टात जाऊन सांगणार काय, नोटीस दिली म्हणून? पण हेच सगळं एका माणसावर दोन वर्षं चालू राहिलं की घरचे म्हणतात बस झालं आता, वडलांचं बीपी वाढलेलं असतं, नोकरी असली तर तिथे साहेब केबिनमधे बोलावून घेतो.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीने कोठडीतल्या मारहाणीच्या केसमधे साक्षीदार गोळा करायला सुरुवात केली होती. तिला कोणी बोटसुद्धा लावलं नाही. फक्त तिच्या धाकट्या भावाच्या पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला जो माणूस आला त्याने भावाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि बाकीचा सगळा वेळ हिच्याबद्दलच विचारत बसला. पुढच्या आठवड्यात तिने ती केस सोडली. यात गुन्हा काय झाला आणि तक्रार कोणाविरुद्ध करायची ते मला आजही सांगता येणार नाही, पण ते साक्षीदार गेले ते गेलेच.

तडीपारीबद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मधे जालन्याच्या एका केसमधे स्पष्ट सांगितलंय की हा अपवादात्मक उपाय आहे, माणसाच्या देशभर कुठेही फिरण्याच्या मूलभूत हक्कावर तो घाला घालतो, तेव्हा जपून वापरा. तो आदेश कोर्टाने रद्दही केला. पण तिथपर्यंत जायला वकील लागतो, पैसा लागतो, आणि तोवर माणूस गावाबाहेर असतो ना.

ही माणसं मधे नसती तर काय झालं असतं त्यासाठी परभणीचं बघा. १० डिसेंबर २०२४, म्हणजे नेमक्या मानवी हक्क दिनी, तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दंगल झाली, धरपकड झाली आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. पोस्टमॉर्टेममधे अंगावरच्या अनेक जखमांमुळे शॉक असं कारण आलं. पोलिसांवर गुन्हा नोंदवा असा आदेश औरंगाबाद खंडपीठाने द्यायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही तो आदेश कायम राहिला. सात महिने एक आई आणि तिच्या मागे उभी राहिलेली माणसं मागे हटली नाहीत म्हणून एवढं तरी झालं. त्या सात महिन्यांत अशा माणसांना एकेक करून गप्प केलं असतं तर ती फाईल केव्हाच बंद झाली असती.

आता भीमा कोरेगावच्या केसबद्दल. त्यावर राजकीय मतं काहीही असू दे, मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलतोय, कॉम्प्युटरबद्दल. १७ एप्रिल २०१८ ला कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या दिल्लीच्या घरून लॅपटॉप जप्त झाला, त्यातल्या पत्रांवर केस उभी राहिली, २०१८ ते २०२० मधे १६ जणांना अटक झाली. त्यात वकील होते, प्राध्यापक होते, कवी होते, गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर वनहक्काचं काम करणारा महेश राऊत होता. मग फेब्रुवारी २०२१ मधे अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीचा रिपोर्ट आला की तो लॅपटॉप जून २०१६ पासून नेटवायर नावाच्या मालवेअरने दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात होता आणि ती पत्रं बाहेरून आत टाकली गेली, लॅपटॉपवर ती कधी उघडल्याची सुद्धा खूण नाही. डिसेंबर २०२२ मधे त्याच कंपनीचा या केसमधले दुसरे आरोपी फादर स्टॅन स्वामी यांच्या कॉम्प्युटरबद्दल रिपोर्ट आला, तिथेही तेच, आणि वर ज्याने हे केलं त्याने ११ जून २०१९ ला स्वतःच्या खुणा पुसायला घेतल्या. पुणे पोलिसांनी तो कॉम्प्युटर जप्त केला १२ जूनला. जप्तीची तारीख त्याला आदल्या दिवशी कशी कळली? एनआयएला, म्हणजे पुढे ही केस जिच्याकडे गेली त्या केंद्राच्या तपास यंत्रणेला, हे रिपोर्ट मान्य नाहीत, ठीक आहे, कोर्टात तपासा, पण तपासा तर. जानेवारी २०२५ मधे हायकोर्टाने विल्सन आणि सहआरोपी सुधीर ढवळे यांना जामीन दिला तेव्हा आत जाऊन साडेसहा वर्षं झाली होती, आरोप निश्चित झाले नव्हते आणि साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती.

स्टॅन स्वामी तोवर जिवंतच नव्हते. रांचीजवळ बगईचा नावाचं केंद्र चालवायचे, झारखंडमधे नक्षलवादी ठरवून आत टाकलेल्या आदिवासी तरुणांची माहिती त्यांनी गोळा केली होती आणि त्यांचे खटले लवकर चालवा म्हणून हायकोर्टात गेले होते. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांना अटक झाली तेव्हा वय ८३, पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून नोव्हेंबरमधे अर्ज केला तर त्याला उत्तर द्यायला एनआयएने वीस दिवस मागितले. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलमधे ते गेले, जामिनाचा अर्ज हायकोर्टात तसाच पडून होता. मला या केसबद्दल लिहिताना आजही राग येतो आणि तो मी लपवणार नाही. एका म्हाताऱ्या माणसाला पाणी पिता यावं यासाठी कोर्टात तारीख पडते आणि आपण सगळे पेपर वाचून पुढचं पान उलटतो.

एकाला आत टाकलं की बाहेरचे शंभर जण आपापले गप्प होतात. ऑक्टोबर २०१९ मधे व्हॉट्सअॅपने भारतातल्या काही लोकांना कळवलं की तुमच्या फोनमधे पेगॅसस हे पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर घुसवायचा प्रयत्न झालाय, त्यात नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, बस्तरमधे काम करणाऱ्या बेला भाटिया होत्या, म्हणजे याच केसमधल्या आरोपीचा वकील आणि आदिवासी बायकांच्या तक्रारी लिहून घेणारी बाई. पेगॅसस बनवणारी कंपनी म्हणते आम्ही फक्त सरकारांना विकतो. सुप्रीम कोर्टाने २०२१ मधे समिती नेमली, तिने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी मालवेअर सापडलं पण ते पेगॅससच होतं असं ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही हे सुद्धा समितीने सांगितलं. पुढे काहीच नाही. आपल्या राज्यात पुढाऱ्यांचे फोन टॅप झाल्याचे आरोप झाले तेव्हा विधानसभा दणाणून गेली होती, ते बरोबरच होतं, पण कार्यकर्त्याचा फोन असला की कोणालाच काही वाटत नाही का?

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. कोलंबियाचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण तिथे शेवटी यंत्रणेचे कागदच बाहेर आले. डास नावाची त्यांची गुप्तचर संस्था थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली होती. हक्कांच्या केसेस लढणाऱ्या वकिलांच्या एका गटाला जिवाचा धोका होता म्हणून सरकारने त्यांना अंगरक्षक दिले, आणि नंतर निष्पन्न झालं की ते संरक्षणच माहिती गोळा करायला वापरलं जात होतं, कुठे गेले, कोणाला भेटले, मुलं कुठल्या शाळेत जातात. त्या गटातल्या एका वकील बाईंच्या घरी तोडलेली बाहुली पाठवली होती, सोबत चिठ्ठी, तुमचं कुटुंब फार गोड आहे, जपा. एका महिला पत्रकाराला फोनवरून धमकी कशी द्यायची याच्या लेखी सूचना फाईलमधे सापडल्या. २००९ मधे हे फुटलं, संस्थेच्या एका माजी प्रमुखाला २०११ मधे निमलष्करी टोळ्यांशी संगनमत आणि एका प्राध्यापकाचा खून यासाठी २५ वर्षांची शिक्षा झाली, त्याच वर्षी ती संस्थाच बरखास्त केली. आणि ऑक्टोबर २०२३ मधे अमेरिका खंडांतल्या देशांच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की मानवी हक्कांचं रक्षण करणं हा स्वतंत्र हक्क आहे, आणि ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांना स्वतःच्या फाईली बघायचा हक्क आहे. कोलंबिया काही आदर्श देश नाही, तिथे आजही कार्यकर्ते मारले जातात. पण फाईल बघायला मिळणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला विचारा, ज्याला आयुष्यभर कळत नाही की आपल्याबद्दल कोणी काय लिहून ठेवलंय. आपल्या आयबीला, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर विभागाला, तर स्वतःचा कायदाच नाही, संसदेला जाब द्यायची कुठली समिती नाही. २०११ मधे मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच राहिलं.

आता आयोग. लोक म्हणतात पोलिसांनी त्रास दिला तर मानवी हक्क आयोगाकडे जा. मी स्वतः अर्ज करून दिलेत, त्यामुळे सांगतो. राष्ट्रीय आयोग १९९३ च्या कायद्याने झाला आणि त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात लिहिलंय की आयोगाला तपासासाठी पोलीस कर्मचारी सरकारने पुरवायचे, त्यांच्यावर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी. म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा तपास पोलीस करणार आणि काही वर्षांनी ते परत आपल्या खात्यात जाणार, जिथे तक्रार झालेला अधिकारी त्यांचा वरिष्ठ असू शकतो. १९ वं कलम सांगतं की केंद्राच्या सशस्त्र दलांबद्दल तक्रार असेल तर आयोग फक्त सरकारकडून अहवाल मागवणार, यात सीआरपीएफ, बीएसएफ सगळं आलं. ३६ वं कलम म्हणतं घटनेला एक वर्ष होऊन गेलं की आयोग चौकशी करणार नाही. धमकावलेला माणूस वर्षभर तोंड उघडत नाही हे कोणालाही माहिती आहे. आणि बहुतेक तक्रारींत काय होतं, आयोग संबंधित एसपींकडून अहवाल मागवतो, एसपी त्याच पोलीस स्टेशनकडून मागवतात, तिथून येतं की आरोपांत तथ्य आढळून आलं नाही, फाईल बंद. २०१० मधे आयोगाने कार्यकर्त्यांसाठी एक संपर्क अधिकारी नेमला, पण त्याच्या हातात अधिकार काय?

हे मी एकटाच म्हणत नाही. जगभरच्या अशा आयोगांना दर्जा देणारी जी जागतिक संघटना आहे तिच्या समितीने २०२३ मधे आणि २०२४ मधे भारताच्या आयोगाचा दर्जा ठरवणं पुढे ढकललं आणि मार्च २०२५ मधे ए वरून बी वर आणायची शिफारस केली. त्यांच्या आक्षेपांमधे हाच मुद्दा होता, तपासात पोलीस अधिकारी का. ही बातमी मराठी पेपरांत किती आली ते तुम्हीच बघा.

काही वाचक म्हणतील की जवानांचं काय. बरोबर विचारतात. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याला माओवाद्यांनी सुरुंगाने गाडी उडवली, १५ पोलीस आणि एक ड्रायव्हर गेला, त्यांच्या घरचं दुःख कुठल्याही शब्दाने कमी होणार नाही आणि ते करणारे खुनी आहेत. पण त्या खुन्यांना पकडणं आणि वनहक्काचा दावा भरून देणाऱ्याला रोज ठाण्यात बसवणं यातलं दुसरं केल्याने पहिलं होत नाही. उलट गावातला माणूस तक्रार घेऊन जायचा कुठे, त्याचा वकील आत आणि कार्यकर्ता गप्प, मग त्याच्याकडे जंगलातून कोण येतं ते वेगळं सांगायला नको.

आणि अशा वेळी आपल्या राज्याने केलं काय, तर जन सुरक्षा विधेयक. जुलै २०२४ मधे मांडलं, संयुक्त समितीकडे बारा हजारांवर हरकती सूचना आल्या, जुलै २०२५ मधे दोन्ही सभागृहांत मंजूर. विधानसभेत उघड विरोध केला तो माकपच्या एकाच आमदाराने. मांडलेल्या विधेयकात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत कायद्याची किंवा त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं सुद्धा होतं. १९३० मधे शिरोड्याला मीठ उचलणाऱ्यांनी दुसरं काय केलं होतं? छत्तीसगडने असाच कायदा २००५ मधे केला होता, तिथे गरिबांचे डॉक्टर बिनायक सेन यांना मे २००७ मधे पकडलं, देशद्रोहासाठी जन्मठेप झाली आणि सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०११ मधे जामीन दिला. ते नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या पीयूसीएलचे पदाधिकारी होते, जी संघटना १९७६ मधे आणीबाणीत जयप्रकाशजींनी उभी केली आणि जिच्या उभारणीत आपल्या सासवडचे न्या. वि. म. तारकुंडे होते. हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेल्या मराठी माणसाने नागरी हक्कांसाठी उरलेलं आयुष्य घातलं आणि आपल्याच राज्यात ते काम करणाऱ्याला आज शहरी नक्षल म्हणतात, हे बघवत नाही.

मागणी काय तर कायदा करा. मेक्सिकोत २०१२ पासून आहे, आशियात मंगोलियाने २०२१ मधे केला, तीस पस्तीस लाख लोकांच्या देशाला जमतं ते आपल्याला जमेल. आयोगाला स्वतःचे तपासनीस द्या जे पोलीस खात्यातून आलेले नाहीत आणि तिथे परत जाणार नाहीत. एक वर्षाची अट काढा. कुठल्याही यंत्रणेने कार्यकर्त्याला बोलावलं, त्याच्या घरी गेले, घरमालकाला भेटले तर त्याची कारणासकट लेखी नोंद व्हायला हवी आणि ती त्या माणसाला मागितली की मिळायला हवी. फोन लॅपटॉप जप्त करतानाच तिथल्या तिथे हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुराचा डिजिटल ठसा, काढून मालकाच्या हातात द्या, तेवढं केलं तरी नंतर कोणी फाईल आत टाकली का हा वाद राहणार नाही. राज्य आयोगासाठी तरी हे महाराष्ट्र सरकारला आजपासून सुरू करता येईल.

तुमच्या पेपरला विनंती की तालुक्याच्या वार्ताहरांना सांगा, अटकेची वाट बघू नका, घरमालकाकडे झालेल्या चौकशीची सुद्धा बातमी होऊ शकते. आणि ज्यांना असे फोन येतात त्यांच्यासाठी थोडं, कारण हे फार कमी जणांना माहिती असतं. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बाईला आणि साठीच्या पुढच्या माणसाला पोलीस स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं, त्याच नव्या संहितेचं कलम १७९. आरोपी म्हणून ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मधे तसं सांगितलंय, कागद हातात मागा. ठाण्यात गेलात तर आत शिरल्याची आणि बाहेर आल्याची वेळ वहीत लिहा, सोबत कोणीतरी न्या. डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे आणि फुटेज दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी जपायला पाहिजे, जबरदस्ती झाली तर आयोगाला किंवा मानवी हक्क कोर्टाला ते मागवता येतं. अर्ज त्याच आठवड्यात करा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आपला,
एक वकील वाचक, नाशिक